घर सोडताना दोन ओळी लिहा

भाडेकरार करताना आपल्याकडची माणसं फार काटेकोर होतात. आधार कार्डावरचं नाव आणि पॅन कार्डावरचं नाव जुळतंय ना, फ्लॅटचा नंबर बरोबर पडलाय ना, पंखे तीन लिहिलेत की चार, सगळं चष्मा वरखाली करून तपासतात. हेच घर सोडायची वेळ आली की सारा कारभार तोंडी. ‘काका, आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय हं.’ ‘बरं.’ विषय संपला. आणि मग महिनाभराने डिपॉझिटवरून जुंपते.

भाडेकरार नोंदवून देणं हाच माझा व्यवसाय. पुण्यातला कर्वेनगर, वारजे, कोथरूड हा माझा पट्टा. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत टाकायचं, लोकांच्या घरी जायचं, दोन्ही पार्ट्यांचे फोटो आणि ठसे घ्यायचे, ऑनलाइन नोंदणी करून द्यायची. ज्यांचे करार मी केले त्यातली बरीच मंडळी घर सोडताना पुन्हा फोन करतात. ‘ताई, करार तुम्हीच केला होतात ना? मग तुम्हीच सांगा त्यांना.’ मी वकील नाही आणि न्यायाधीश तर नाहीच. पण दोन्हीकडची बाजू ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. डिपॉझिटची म्हणून जी भांडणं माझ्यापर्यंत येतात ती मुळात नोटिशीची असतात. कोणी, कधी, कसं कळवलं आणि त्या महिन्यात काय व्हायला हवं होतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी अकरा महिन्यांचं बघू. अकराच का, असं विचारलं तर निम्मे लोक म्हणतात, ‘तसाच नियम आहे.’ असा नियम नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, ते टाळायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुळली. महाराष्ट्रात तिचा काडीचा उपयोग नाही. आपल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर, वाद झाला तर अटी-शर्तींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं आणि ते खोडून काढायचं ओझं मालकावर. लिव्ह अँड लायसन्स करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो आणि मुद्रांक शुल्क त्याच पाव टक्का दराने लागतं. तरी अकरा म्हणजे अकरा. सवय.

या सवयीचा परिणाम बाराव्या महिन्यात दिसतो. करार संपतो. नवा करायचा म्हणजे पुन्हा शुल्क, पुन्हा माझी फी, पुन्हा सगळ्यांनी एका वेळी घरी असणं. मालक म्हणतो, ‘भाडं वेळेवर येतंय, माणसं बरी आहेत, राहू दे की.’ भाडेकरू म्हणतो, ‘भाडं वाढवत नाहीयेत, आपण कशाला विषय काढा?’ तिथून पुढे दर महिन्याला भाडं द्यायचं आणि दर महिन्याला राहायचं, एवढाच दोघांतला करार. कायदा याकडे इतक्या प्रेमाने पाहत नाही. मुदत संपल्यावर लायसन्सवर राहणाऱ्याने जागा सोडली पाहिजे, नाही सोडली तर दुप्पट रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागू शकते, असं त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 म्हणतं. रोजच्या व्यवहारात हे कोणी काढत नाही. काढतात ते नेमकं भांडणाच्या दिवशी. नोटिशीची अट ज्या करारात आहे तो करारच संपलेला. मालकाला सोयीचं असेल तर तो म्हणतो, ‘करारात एक महिना लिहिलाय.’ भाडेकरूला सोयीचं असेल तर तो म्हणतो, ‘कुठला करार? तो तर मागच्या वर्षीच संपला.’ बाजू उलटल्या तर वाक्यंही उलटतात.

मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर दाखवतो की कायद्याने पंधराच दिवसांची नोटीस लागते. हे अर्धवट खरं आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 मध्ये महिन्या-महिन्याच्या भाडेपट्ट्यासाठी पंधरा दिवस आहेत, पण दोघांत काही ठरलेलं नसेल तेव्हा. शिवाय ते भाडेपट्ट्याला लागू. आपण करतो तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती वापरायची परवानगी. तिचा पाया त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात आहे आणि तिथे चालतं ते करारात लिहिलेलं. परवानगी काढून घेतली तर सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, इतकं तो कायदा सांगतो. तरी त्या कलम 106 मधल्या दोन गोष्टी प्रत्येकाने उचलाव्यात अशा आहेत. नोटीस लेखी आणि सहीची हवी. आणि दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्या दिवसापासून. पूर्वी ही मुदत भाड्याचा महिना संपतो तिथेच संपावी लागे. 2002 च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. कायद्याने सोडवलेला हा गुंता आपण घराघरांत अजून जपून ठेवला आहे.

एक उदाहरण देते. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा, कोथरूडच्या दोन खोल्यांत राहायचा. भाडं चोवीस हजार. मालक बँकेतून निवृत्त झालेले. करार संपून बरेच महिने झालेले. मुलाने 5 जूनला फोन करून सांगितलं, घर सोडतोय. त्याच्या हिशेबाने 5 जुलैला महिना भरला. मालकांच्या हिशेबाने भाड्याचा महिना एक तारखेला सुरू होतो, म्हणजे जूनमध्ये सांगितलेलं धरायचं ते जुलैपासून, आणि भाडं 31 जुलैपर्यंतचं. फरक सव्वीस दिवसांचा, पैशांत वीसेक हजारांचा. करारात काय होतं? ‘एक महिन्याची लेखी पूर्वसूचना.’ एवढंच. कुठल्या तारखेपासून, हे नाही. आणि ‘लेखी’ या शब्दाकडे तर दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं.

त्यात मालक म्हणाले, फोन पाचला नव्हे, आठला आला. फोन झाला होता लँडलाइनवर, त्यामुळे नोंद नाही. शेवटी मुलाला आठवलं की त्याच दिवशी त्याने जूनचं भाडं यूपीआयने पाठवलं होतं आणि खालच्या नोटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘जून भाडे. जुलैत सोडतोय, फोनवर बोललो.’ मालकांनी आपला मोबाइल काढला, बोटाने वर सरकवत गेले आणि ती ओळ सापडली. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, ‘हे इथे लिहिलेलं वाचतं कोण?’ पण माणूस बँकेतला. तारखेपुढे त्यांनी हात टेकले. 15 जुलैवर तोड निघाली. दोघांपैकी एकही लबाड नव्हता. दोघांनाही आपापला महिना खरा वाटत होता. एका ओळीने वीस हजारांचं भांडण आठेक हजारांवर आलं. महिना कुठल्या तारखेपासून मोजायचा, ही ओळ करारात असती तर भांडणच झालं नसतं.

मला दोन्ही बाजूंना बोल लावायचा आहे. आधी भाडेकरू. ‘शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या’ हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की जणू तो हक्कच आहे. डिपॉझिट भाड्यासाठी नसतं. तुम्ही गेल्यावर महावितरणचं बिल येतं, पाइप गॅसचं बिल येतं, गीझर बंद निघतो, सिंकखालचा पाइप गळत असतो. त्यासाठी मालकाच्या हातात राहिलेली ती एकच गोष्ट. ती आधीच संपवून, किल्ली वॉचमनकडे ठेवून निघून जाणारे लोक मी पाहिलेत. फ्लॅट भाड्याने देणारा प्रत्येक जण गडगंज नसतो. वारज्यात माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत. यजमानांच्या मागे त्यांना पेन्शन नाही, वरच्या मजल्याच्या भाड्यावर घर चालतं. भाडेकरू आठवड्याच्या सूचनेवर गेला आणि जागा दोन महिने रिकामी राहिली तर त्यांच्या औषधांचा हिशेब कोलमडतो. त्यांना महिनाभर आधी कळवणं हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.

आता मालक. ‘पेंटिंगचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार’ हेही पुण्यात रूढीच असल्यासारखं सांगितलं जातं. करारात लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर तीन वर्षं माणसं राहिल्यावर भिंत पिवळी पडणारच. ती रिकाम्या घरातही पडते. मुलाने खडूने रंगवलेली भिंत आणि काळाने उतरलेला रंग यातला फरक मालकाला कळत नाही असं नाही. पण हा विषय काढायचा मुहूर्त त्याने ठरवलेला असतो. खाली टेम्पो उभा असतो. टेम्पोवाला हॉर्न मारतो, कारण त्याला दुपारी दुसरी खेप आहे. वॉचमन म्हणतो, सेक्रेटरींची चिठ्ठी आणल्याशिवाय फाटक उघडणार नाही. सेक्रेटरी म्हणतात, मालकांनी कळवल्याशिवाय चिठ्ठी देणार नाही. आणि मालक ओट्याजवळ वाकून टाइलच्या उडालेल्या कपच्यावर बोट फिरवत असतात. ‘हे आधी नव्हतं.’ भाडेकरूची बायको म्हणते, ‘हे आम्ही आलो तेव्हापासून आहे.’ फोटो कोणाकडेच नाही. अशा वेळी ज्याला घाई असते तो हरतो, आणि घाई नेहमी टेम्पो लावलेल्यालाच असते.

नोटिशीचा महिना असतो तो यासाठी. नवा भाडेकरू शोधायला मालकाला वेळ मिळावा, हा त्याचा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग आपण पार विसरलो आहोत: निघण्याच्या दिवशी काही बोलायचं शिल्लक राहू नये. नोटीस मिळाली की पहिल्याच आठवड्यात मालकाने घरी यावं, दोघांनी मिळून खोल्या फिराव्यात, काय दुरुस्त करायचं आणि त्याचे किती कापायचे हे तिथेच कागदावर घ्यावं. भाडेकरूला पटलं नाही तर तो स्वतः प्लंबर आणेल, भिंत पुसून घेईल. त्याच्या हातात तीन आठवडे आहेत. सोसायटीच्या चिठ्ठीचं याच आठवड्यात बोलून घ्यावं. नव्या पार्टीला घर दाखवायच्या वेळाही याच दिवशी ठरवाव्यात. नाहीतर रविवारी दुपारी बेल वाजते, दारात ब्रोकर आणि त्याच्या मागे चार अनोळखी माणसं, आणि आत दहावीची मुलगी अभ्यासाला बसलेली. घर अजून तुमच्या ताब्यात आहे, भाडं तुम्ही भरता आहात. दाखवायला नाही म्हणू नका, पण वेळ तुम्ही सांगा.

खऱ्या अर्थाने महिन्याच्या बोलीवर राहणारी माणसं वेगळीच आहेत. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलं. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतंय, कुणी कॉलेजात. एका खोलीत चार कॉट, कॉटमागे भाडं, मेस बाहेर. करार नाही, पावती नाही, एका महिन्याचं डिपॉझिट रोखीत. सोडताना ‘महिना भरला नाही’ म्हणून ते बुडतं आणि काढताना ‘उद्यापासून दुसरी सोय बघ’ एवढ्यावर मुलगा रस्त्यावर येतो. 2020 च्या टाळेबंदीत ही मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली. कॉटखाली ट्रंका आणि पुस्तकं राहिली. एप्रिलमध्ये सरकारने घरमालकांना भाडंवसुली तीन महिने पुढे ढकला असं सांगितलं. पण ज्याने कळवलंही नाही आणि जो राहिलाही नाही, त्याचं भाडं चालू की बंद, याचं उत्तर कोणाकडे होतं? ज्याची जशी दानत तसा निकाल लागला. काही मालकांनी पुस्तकं बांधून गावी पाठवली, काहींनी भाडं भरल्याशिवाय ट्रंकेला हात लावू दिला नाही. या मुलांच्या हातात लिहिलेली एक ओळ असती तर त्यांना कुणाच्या दानतीवर अवलंबून राहावं लागलं नसतं.

कायद्यातली एक असमानता इथे सांगितली पाहिजे. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर मालकाला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. नेहमीच्या दाव्यापेक्षा तो रस्ता जवळचा आहे. घर सोडलं आणि मालकाने चाळीस हजारांचं डिपॉझिट अडकवलं, तर भाडेकरूसाठी तसा जवळचा रस्ता त्या कलमात नाही. चाळीस हजारांसाठी वकील करून कोर्टाची पायरी कोण चढणार? हे मालकालाही ठाऊक असतं. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, आणि ताबा घेतानाच, देणी वजा करून, ते परत करा, असं स्वच्छ लिहिलं आहे. पण तो राज्यांनी स्वीकारावा असा नमुना आहे; केंद्राने मंजूर केला म्हणून तुमच्या-माझ्या करारात आपोआप येत नाही.

माझी भाची कॅलिफोर्नियात महिन्याच्या बोलीवर राहते. तिथे भाडेकरूने तीस दिवसांची लेखी नोटीस द्यायची. मालकाने काढायचं तर पहिल्या वर्षात तीस दिवस, वर्ष उलटून गेलेलं असेल तर साठ. घर सोडल्यापासून एकवीस दिवसांत डिपॉझिट परत, आणि जे कापलं त्याची बाबवार यादी. रक्कम सव्वाशे डॉलरच्या वर गेली तर पावत्या जोडून. तिथली माणसं आपल्याहून सज्जन आहेत म्हणून हे चालतं असं नाही. तारीख लिहिलेली आहे म्हणून चालतं.

‘एवढी लिहापढी केली तर माणुसकी कुठे राहिली?’ असं मला विचारतात. त्या वारज्याच्या आजीच एकदा भाडेकरूला म्हणाल्या होत्या, ‘लिहून देतोस म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का रे?’ मी म्हटलं, ‘आजी, तो राहायला आला तेव्हा तुम्ही त्याचा अंगठा, फोटो, आधार, पोलिसांकडची नोंद सगळं घेतलंत. तेव्हा विश्वास नव्हता म्हणून का?’ हसल्या आणि कागद ठेवून घेतला. राहायला येताना पुरावा द्यायचा आणि जाताना मागितला की वाईट वाटून घ्यायचं, हा काही न्याय नाही. माणुसकी बिघडते ती कागदाने नव्हे, आठवणीवर सोडलेल्या तारखेने.

माध्यमाची अडचण आता उरलेली नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस निळ्या टिकांवरून मिळाली आणि उघडली असं मानलं. म्हणून सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर भागवा असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या फोनपेक्षा ते शंभर पटीने बरं. संबंध ताणलेले असतील तर कागदावर सही करून पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, पण पोचल्याची नोंद तिथेही मिळते. मजकुराला वकील लागत नाही. मी लोकांना सांगते तो असा:

‘मी अमुक पत्त्यावरच्या सदनिकेत राहतो. ही जागा मी अमुक तारखेला सोडत आहे. त्या दिवसापर्यंतचं भाडं आणि वीजबिल मी भरीन. येत्या आठवड्यात सोयीच्या वेळी जागा पाहून काही वजावट असल्यास कळवावी. किल्ली देताना डिपॉझिट अमुक रुपये परत मिळावं. आपला, सही, तारीख.’

आणि नव्याने करार करणार असाल तर त्यात तीन वाक्यं जास्तीची घाला. नोटिशीचे दिवस मिळाल्या तारखेपासून मोजले जातील. करार संपून राहणं चालू राहिलं तरी नोटिशीची हीच अट लागू राहील. डिपॉझिट किल्ली देण्याच्या दिवशी, उरलेल्या बिलांपुरती ठरावीक रक्कम राखून, परत केलं जाईल. माझ्यासारखे करार करणारे ही वाक्यं आपणहून घालत नाहीत, कारण छापील मसुदा पुढे ढकलणं सोपं असतं. त्यांना घालायला लावा. त्याचे जास्तीचे पैसे लागत नाहीत. नोंदणी खात्यानेही आपल्या नमुन्यात ही तीन वाक्यं कायमची घालावीत, म्हणजे कुणाला मागायची वेळच येणार नाही.

या महिन्यात घर सोडणार असाल तर आज जेवणं झाल्यावर ती नोटीस लिहा आणि पाठवा. घरमालक असाल आणि अशी नोटीस आली तर रागावू नका. ‘मिळाली, रविवारी येतो’ एवढं उत्तर द्या. त्या उत्तराने तुमचा एक रुपयाही जात नाही.